परसातला जुना आंबा भिरुडापासून कसा राखावा

आंबा बारा महिने हिरवा असतो आणि जुन्या झाडाच्या बाबतीत हा हिरवेपणाच घरच्या माणसांना फसवतो. सावर किंवा पांगारा यांसारखे पानगळीचे झाड वर्षातून एकदा उघडे पडते, त्याचे बेचके, वाळलेली टोके, फुटलेली साल नजरेला येते. आंब्याचे तसे होत नाही. बुंध्याच्या आत भिरुडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याची, अळी महिनोन्‌महिने लाकूड पोखरत असते, वर मात्र पालवी फुटत राहते, मोहोर येतो, एखाद्या वर्षी फळही भरपूर धरते. ज्या दिवशी एखादी फांदी पिवळी पडलेली दिसते, त्या दिवशी आतले काम बरेच पुढे गेलेले असते. म्हणून झाड राखायचे असेल तर मान वर करून मोहोर पाहण्याआधी वाकून बुंधा पाहण्याची सवय लावून घ्यावी. पुढे जे लिहिले आहे त्यातले निम्म्याहून अधिक या एका सवयीविषयीच आहे.

हे लिखाण मोठ्या बागायतदारांसाठी नाही. त्यांच्याकडे फवारणीचे पंप असतात, माहीतगार गडी असतात, कृषी खात्याची माणसे येऊन जातात. ज्यांच्या परसात दोन-चार जुनी कलमे किंवा आजोबांच्या हातचा एखादा उंच रायवळ, म्हणजे कलम न करता बाठ्यापासून वाढलेला आंबा, उभा आहे, आणि ज्यांचे गावी जाणे गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिना एवढेच उरले आहे, अशा घरांना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहीत आहे. आमच्या घराचेही असेच आहे. विहिरीजवळ पायरीचे एक मोठे झाड होते. एका गणपतीत त्याची एक फांदी फिकट दिसली. पावसाचे पाणी मुळाशी साचत असेल असे समजून आम्ही चर काढून दिला आणि मुंबईला परतलो. मे महिन्यात आलो तेव्हा अर्धे झाड वाळले होते. तोडल्यावर बुंध्याच्या आडव्या कापात अंगठा सहज जाईल एवढी भोके दिसली, एक-दोन नव्हे तर सात-आठ, आणि त्यांत ओलसर, दाबून भरल्यासारखा लाल-तपकिरी भुसा होता. त्या गणपतीत बुंध्याभोवतीचे गवत काढून पाहिले असते तर झाड आज उभे असते, असे मला ठामपणे वाटते.

कोकणात ज्याला भिरूड म्हणतात आणि घाटावर खोडकिडा म्हणतात, तो मुळात एका मोठ्या भुंगेऱ्याच्या अळीचा उपद्रव आहे. भुंगेरा चार ते पाच सेंटिमीटर लांब, राखाडी-तपकिरी रंगाचा, शरीराइतक्या किंवा त्याहूनही लांब मिशांचा असतो आणि मानेच्या पाठीवर दोन नारिंगी ठिपके असतात. वळवाच्या पावसाच्या सुमारास तो झाडातून बाहेर पडू लागतो आणि रात्री ओटीवरच्या दिव्याकडेही येतो. मादी बुंध्याच्या सालीतल्या भेगांत किंवा जबड्याने साल कातरून केलेल्या लहान खाचांत एकेक अंडे घालते, आणि तिच्या आयुष्यात अशी दोनशेपर्यंत अंडी घातली जाऊ शकतात. एक-दोन आठवड्यांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती सालीखालचा मऊ थर खाते, मग मोठी होत लाकडात शिरते, वाकडेतिकडे बोगदे करते आणि पूर्ण वाढल्यावर आठ-नऊ सेंटिमीटर लांब, पांढरट-पिवळसर, काळपट डोक्याची, बिनपायाची मोठी अळी होते. कोष खोडाच्या आतच होतो. साधारण वर्षाला एक पिढी होते, म्हणजे या मे-जूनमध्ये उडालेल्या भुंगेऱ्यांची लेकरे पुढच्या मे-जूनमध्ये उडतात. हाच किडा फणस, उंबर आणि सावर यांनाही लागतो. म्हणून परसातल्या फणसाकडेही याच नजरेने पाहावे.

हे वेळापत्रक ध्यानात घेतले की गणपतीची भेट किती मोलाची आहे ते कळते. जून-जुलैत घातलेल्या अंड्यांतून निघालेली अळी त्या वेळी लहान असते आणि बहुतेक वेळा सालीखालीच किंवा लाकडाच्या वरच्या थरात असते. दिवाळीपर्यंत ती आत शिरते आणि शिमग्यापर्यंत खोल जाते.

पाहणी कशी करावी ते आता सविस्तर सांगतो. पहिल्यांदा बुंध्याभोवतीचे गवत, पाचोळा आणि घरातल्या माणसांनी सवयीने टेकवून ठेवलेल्या झावळ्या, कौले, जुने पत्रे दूर करावेत. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंतचा बुंधा आणि जाड फांद्यांचे बेचके ही पाहण्याची मुख्य ठिकाणे आहेत. बहुतेकदा उपद्रव बुंध्याच्या तळाशी, मातीला लागून किंवा उघड्या पडलेल्या जाड मुळांवर असतो, म्हणून उभ्याने पाहून भागत नाही, गुडघे टेकावे लागतात. ताजा भुसा हे सर्वांत भरवशाचे लक्षण आहे. तो करवतीच्या भुशासारखा बारीक नसतो, त्यात लाकडाचे धागेही असतात आणि हाताला किंचित ओला लागतो. पावसात तो वाहून जातो, त्यामुळे भुसा दिसला नाही म्हणून निश्चिंत राहू नये. सालीवर कुठे काळपट ओघळ आला आहे का, डिंक साठला आहे का, साल फुगली किंवा चिरली आहे का, हे पाहावे आणि कोयत्याच्या मुठीने बुंध्यावर सर्व बाजूंनी हलके ठोकत जावे. निरोगी खोडाचा आवाज भरीव येतो आणि जिथे साल आतून सुटली आहे तिथे आवाज बदलतो. हा फरक एकदा कानाला कळला की विसरला जात नाही. अशा जागी सालीचा मोकळा भाग कोयत्याच्या टोकाने अलगद उचलावा. खाली भुशाने भरलेली वाट सापडते आणि वाट सापडली की तिच्या टोकाशी बहुधा अळी असते.

इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. बेचक्यात किंवा फांदीवर जाळ्यासारख्या रेशमी धाग्यांत अडकलेला भुसा आणि विष्ठा यांचा लांब, मातकट पट्टा दिसला तर ते भिरूड नव्हे, ती साल खाणारी अळी आहे. ती दिवसा लहान भोकात लपते आणि रात्री त्या पट्ट्याखालून फिरून साल खाते. झाडू किंवा गोणपाटाच्या तुकड्याने पट्टा पुसून काढला की तिचे भोक उघडे पडते आणि तार घालून तिला तिथेच मारता येते. तिसरा प्रकार वाळवीचा. बुंध्यावर मातीचे थर आणि नळ्या चढलेल्या दिसल्या की लोक घाबरतात, पण जुन्या झाडावर वाळवी बहुधा सालीचा वाळलेला भागच खात असते. माती खरवडून काढावी, आतले खोड भरीव आहे का ते तपासावे आणि मेलेली मुळे, पुरलेली लाकडे जवळपास असतील तर काढून टाकावीत. मातीच्या थराखाली भिरुडाचे भोक झाकले जाते, म्हणून खरवडणे आवश्यक आहे.

अळी काढण्यासाठी लागते ती साधने घरातच असतात. सायकलच्या चाकाची जुनी तार किंवा तशीच ताठ पण थोडी वाकणारी लोखंडी तार घ्यावी, तिचे एक टोक दगडावर घासून अणकुचीदार करावे आणि त्याला मासे धरायच्या गळासारखा लहान आकडा द्यावा. धारदार सुरी किंवा लहान कोयता, थोडा कापूस आणि लिंपायला शेणमाती किंवा चिकणमाती एवढे बरोबर असले की पुरे. भोकाच्या तोंडाशी असलेला सगळा भुसा आधी काढावा. भोवतालची कुजलेली, काळी पडलेली साल जिवंत सालीच्या कडेपर्यंत साफ करावी, मात्र जिवंत साल, जी कापल्यावर ओली आणि पांढरट-पिवळट दिसते, ती एक बोटभरही अधिक कापू नये. मग तार हळूहळू आत सारावी. बोगदा सरळ नसतो, म्हणून जोर न लावता तार फिरवत न्यावी लागते. तार मऊ वस्तूला टेकल्यासारखी वाटली, आणि बाहेर काढल्यावर टोकाला पांढरा पातळ द्रव लागलेला दिसला, की अळी जखमी झाली असे समजावे. आकड्यात अडकून ती अख्खी बाहेर आली तर उत्तमच. माझा अनुभव असा की पहिल्या दोन-तीन भोकांना अर्धा-अर्धा तास जातो आणि नंतर हाताला बोगद्याचे वळण समजू लागते.

तार पोचत नसेल तर कापसाचा लहान बोळा रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये भिजवून तारेने भोकात शक्य तितका आत सारावा आणि तोंड लगेच ओल्या मातीने घट्ट बंद करावे, म्हणजे वाफ आत कोंडते आणि अळी गुदमरते. बोळा भिजलेला असावा, ठिबकणारा नसावा. भोकात तेल ओतल्याने आजूबाजूचा जिवंत भाग जळतो आणि झाडाची जखम वाढते. काम करताना विडी-काडी जवळ नसावी हे वेगळे सांगायला नको. एका भोकाची माती लिंपल्यावर त्याच बोगद्याचे दुसरे तोंड जवळपास असते, ते शोधून तेही बंद करावे. लिंपलेली प्रत्येक जागा चुन्याच्या ठिपक्याने खुणावून ठेवावी. पंधरा दिवसांनी शेजारच्या कोणाला तरी पाहायला सांगावे. माती फोडून नवा भुसा बाहेर आला असेल तर अळी जिवंत आहे आणि तिथे पुन्हा तार घालायची आहे, एवढे त्यांना फोनवर सांगता येते.

विषाबद्दल मला काळजीपूर्वक लिहायचे आहे, कारण गावात अजूनही जुने सल्ले फिरतात. भिरुडाच्या भोकात डायक्लोरव्हॉस घालावे असे जुन्या पुस्तिकांत सापडते, पण हे औषध भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले आहे. कोणी घरात उरलेली बाटली काढून दिली तरी ती वापरू नये. त्याहून गंभीर गोष्ट धान्याच्या कोठीत टाकायच्या विषारी गोळ्यांची आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने विषारी वायू सोडतात, त्या वायूवर उतारा नाही आणि त्यांनी माणसे दगावली आहेत. परसातले झाड घराला लागून असते, मुले तिथे खेळतात, विहीर तिथेच असते. झाड कितीही प्रिय असले तरी ही गोळी त्याच्या भोकात घालायची नाही. उपद्रव फारच पसरला असेल आणि औषधाशिवाय भागणार नाही असे वाटत असेल तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन त्या वर्षी चालू असलेली शिफारस लिहून घ्यावी आणि डब्यावरच्या मात्रेच्या बाहेर जाऊ नये.

भोके बंद झाली की उघड्या पडलेल्या लाकडाला बोर्डो मलम लावावे. घरी एका झाडापुरते करायचे तर १०० ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) अर्धा लिटर पाण्यात रात्रभर कपड्यात बांधून टांगून विरघळवावे, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात फोडून गार होऊ द्यावा आणि गाळून घ्यावा, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत लाकडी काठीने ढवळावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत, लोखंडाची नसावीत, कारण मोरचूद लोखंड खातो. मलम झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी सुरीचे पाते क्षणभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, तो थर चढेनासा होईपर्यंत चुन्याचे पाणी घालावे. आकाशासारखा निळा, रंगाएवढा दाट असा हा लेप त्याच दिवशी कुंचल्याने लावायचा असतो, दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग राहत नाही. हे भिरूड मारण्याचे औषध नव्हे हे मात्र पक्के समजून घ्यावे. जखमेत बुरशी शिरू नये आणि झाडाला साल भरून आणायला अवधी मिळावा एवढ्यासाठी ते असते. पाऊस सुरू होण्याआधी आणि संपल्यावर असे दोन वेळा बुंध्याला कमरेपर्यंत लावले तर जुन्या झाडाचे खोड स्वच्छ राहते आणि निळसर पार्श्वभूमीवर नवा भुसा दुरूनही दिसतो. माझ्या दृष्टीने हा दुसरा फायदाच मोठा आहे.

भुंगेऱ्याच्या मादीला भेग आणि जखम हवी असते आणि परसातल्या झाडाला जखमा बहुतेक आपणच करतो. कपडे वाळत घालायच्या तारेसाठी ठोकलेला खिळा, दिव्यांच्या माळेची बांधलेली आणि तशीच राहिलेली तार, झोपाळ्याच्या दोरीने घासलेली फांदी, गुरे बांधून सोलला गेलेला बुंधा, चुलीसाठी फांदी तोडताना खाली ओढून निघालेली सालीची चीर, या सगळ्या जागा एकदा झाडाभोवती फिरून पाहाव्यात आणि काढता येतील त्या वस्तू काढाव्यात. झोपाळा हवाच असेल तर दोरीखाली गोणपाटाची जाड गुंडाळी घालावी आणि दरवर्षी ती सोडून खालची साल पाहावी. अंगणाला फरशी घालताना बुंध्यापर्यंत सिमेंट नेऊ नये आणि बुंध्यावर मातीचा ढीग चढवू नये, कारण ओल धरून साल कुजते आणि भोकेही दिसेनाशी होतात. मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तर पाऊस ओसरल्यावर छाटाव्यात. जून-जुलैत केलेला ताजा काप म्हणजे अंडी घालायला आलेल्या मादीला तयार जागा असते. काप करवतीने गुळगुळीत, किंचित तिरका घ्यावा आणि त्याच दिवशी मलम लावावे.

मधल्या दाट फांद्यांची अशी थोडी विरळणी केल्याने आणखी एक काम होते, आणि ते तुडतुड्यांचे आहे. पाचरीच्या आकाराचे हे लहान किडे वर्षभर खोडाच्या भेगांत आणि दाट सावलीत राहतात आणि मोहोर आला की त्यावर येऊन रस शोषतात. झाडाखालून जाताना पानांत बारीक तडतड ऐकू येते, खालच्या पानांवर आणि अंगणातल्या लाद्यांवर चिकट थर बसतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मोहोर करपून गळतो. जमिनीवर उभे राहून हात पोचेल अशा लहान कलमावर मोहोर फुटण्याआधी, बोंगे फुगत असताना, निंबोळी अर्काची फवारणी करता येते. अर्धा किलो निंबोळीच्या गराची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, दोन वेळा कपड्याने गाळून, त्यात थोडा साबणचुरा मिसळला की पाच टक्क्यांचा अर्क होतो. संध्याकाळी फवारावा. मोहोर पूर्ण उमलल्यावर मात्र काहीही फवारू नये, कारण आंब्याचे परागीकरण मुख्यतः माश्या आणि इतर लहान कीटक करतात आणि त्यांना मारून फळ धरत नाही. चाळीस-पन्नास फूट उंच रायवळावर फवारणीचा प्रयत्नही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. औषध शेंड्यापर्यंत पोचत नाही, जे उडते ते विहिरीत, अंगणात आणि फवारणाऱ्याच्या अंगावर पडते आणि तुडतुडे खाणारे कोळी व मित्रकीटक आधी मरतात. अशा झाडाला उजेड आणि वारा आत शिरेल इतकी विरळणी हाच उपाय आहे.

ओंबील, म्हणजे पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, याबद्दल मतभेद आहेत. त्या चावतात, आंबे काढायला चढणाऱ्याला त्रास होतो आणि चिकटा सोडणाऱ्या पिठ्या ढेकणांना त्या सांभाळतात, हे खरे आहे. पण त्या अनेक अळ्या व किडे पकडून नेतात आणि फळमाशीलाही फळावर नीट बसू देत नाहीत. चीनमध्ये लिंबूवर्गीय झाडांवर त्यांची घरटी मुद्दाम नेऊन ठेवण्याची रीत सुमारे सतराशे वर्षे जुनी आहे. माझ्या परसात पिठ्या ढेकूण फार वाढलेले नसतील तोपर्यंत मी ओंबिलाची घरटी जाळत नाही.

फळमाशीने झाड मरत नाही, फळ मात्र जाते. ती इतकी उपद्रवी आहे की तिच्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली होती आणि ती बंदी २०१५ मध्ये उठली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा किंवा तसाच मिथिल युजेनॉलचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाच्या द्रव्याचा) सापळा कैरी अंड्याएवढी झाली की सावलीत, डोक्याच्या उंचीच्या थोडा वर टांगावा आणि शेवटचा आंबा उतरेपर्यंत ठेवावा. त्यात फक्त नर अडकतात, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून सापळे लावले तर खरा परिणाम दिसतो. झाडाखाली पडलेली किडकी फळे रोज गोळा करून दोन-अडीच फूट खोल पुरावीत, कारण त्यातल्या अळ्या मातीत शिरून तिथेच कोष करतात.

शेवटी, जे झाड वाचणार नाही त्याबद्दल. बुंध्याच्या निम्म्याहून अधिक घेराची साल सुटली असेल आणि दोन पावसाळ्यांत नवी पालवी आली नसेल तर ते तोडावे लागते. एखादीच फांदी मेली असेल तर ती जिवंत भागापर्यंत कापावी. पण तोडलेल्या लाकडाचे काय करायचे ते त्याच वेळी ठरवावे. ओंडके बसायला चांगले म्हणून परसात रचून ठेवले जातात आणि त्यांच्या आतल्या अळ्या व कोष तसेच राहून पुढच्या वळवाच्या पावसात भुंगेरे होऊन शेजारच्या हिरव्या झाडावर जाऊन बसतात. आमच्या पायरीचे ओंडके आम्ही तोडल्याबरोबर फोडले. प्रत्येक ढलपीच्या आतल्या भोकांत तार घालून पाहिले, त्यात नऊ अळ्या आणि तीन कोष निघाले आणि लाकूड चुलीत गेले. त्याच विहिरीजवळच्या दुसऱ्या कलमाच्या बुंध्यावर आम्ही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मलम लावले आणि गणपतीत पहिल्या दिवशी सकाळी गुडघे टेकून पाहिले तेव्हा तळाशी, मुळाच्या खोबणीत, चिमूटभर ताजा भुसा होता. तार बोटाच्या दोन पेरांइतकी आत गेली आणि अळी बाहेर आली.